घरबसल्या

१
लोकलच्या डब्यात दाराच्या वर चिकटवलेले कागद : ‘घरबसल्या कमवा.’ पॅकिंगचं काम, टायपिंगचं काम, गृहिणींना प्राधान्य. खाली नुसता मोबाईल नंबर. फर्स्ट क्लासमधल्या कुणी तो नंबर कधी फिरवला असेल असं वाटत नाही. मार्च २०२० मध्ये फर्स्ट क्लासचा अख्खा डबा घरबसल्या कमवायला लागला.

२
त्याआधी कॉल सेंटरच्या माणसाला घरून फोन घेऊ द्यायचे तर कंपनीला दूरसंचार खात्याकडे एक कोटी रुपयांची बँक हमी ठेवावी लागे. शिवाय सुरक्षित लाइन वेगळी. घर ही जोखमीची जागा आहे, असं सरकारचं लेखी मत होतं. टाळेबंदीत अट स्थगित झाली, नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच झाली. जोखीम धरली होती ती माहितीच्या चोरीची. कंबरेसाठी कुणी हमी मागितली नव्हती.

३
जेवणाच्या टेबलाची खुर्ची जेवणापुरती बनवलेली असते. हात नाहीत, पाठ सरळसोट, बैठक कडक. पाहुण्यांनी फार रेंगाळू नये असाही सुताराचा हेतू असावा. तिच्यावर नऊ तास.

ओळखीच्या घरांत मग काय काय कामाला लागलं : लॅपटॉप उंच करायला चौरंग, पायाखाली पाट, उभं राहून काम करायचं तर इस्त्रीचं घडीचं टेबल, पाठीशी बाळंतिणीचा लोड, आणि स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून दिवाळी अंकांचा गठ्ठा. (साहित्याने उंची वाढते ती अशी.) आमच्याकडे सगळ्यांत सरस ठरलं आईचं जुनं शिवणयंत्र. यंत्र आत पाडलं की वर सपाट फळी, आणि खाली पायडलवर पाय बरोबर तिरपे टेकतात. भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे, राहतो आमच्याकडे. मीटिंग लांबली की पायडल मारतो. पट्टा काढून ठेवला आहे, नाहीतर खाली सुई धावत राहील.

४
गूगलने मे २०२० मध्ये घरून काम करणाऱ्यांना खुर्ची-टेबलासाठी माणशी हजार डॉलर दिले. भाच्याच्या कंपनीने त्याच सुमाराला ‘बसण्याची योग्य पद्धत’ अशी पीडीएफ पाठवली. चित्रातला माणूस ज्या खुर्चीत बसला होता ती खुर्ची बाजारात भाच्याच्या पगाराच्या निम्म्याला मिळते.

५
बर्नार्डिनो रामाझ्झिनी हा इटालियन वैद्य. कामगारांच्या रोगांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली निघालं. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत त्याने कारकून आणि लेखनिकांनाही जागा दिली. त्यांच्या दुखण्यांची कारणं त्याने तीन सांगितली : सतत बसणं, हात एकाच दिशेने एकसारखा चालवणं, आणि हिशेबात चूक होऊन मालकाचं नुकसान होऊ नये हा मनावरचा ताण.

तिसरं कारण त्या पीडीएफमध्ये नाही.

६
वाड्यात कोण कुठवर येणार हे ठरलेलं असे. दूधवाला पायरीपर्यंत, कुळं-देणेकरी ओसरीवर, व्याही-जावई सोप्यात, माजघरात फक्त घरचे. त्याच नियमांच्या पोटात पुष्कळ अन्यायही होता. पायरीपाशी थांबवले गेलेले लोक त्या ओसरीबद्दल वेगळंच सांगतील. पण एक खरं, की बाहेरच्या माणसाची नजर टप्प्याटप्प्याने आत यायची.

भाच्याचा फ्रँकफर्टचा मॅनेजर पहिल्याच दिवशी व्हिडिओवरून थेट माजघरात आला. मागे दोरीवर टॉवेल, कॅलेंडर, फ्रिजवरचे डबे. त्यावर उपाय म्हणून पार्श्वभूमी धूसर करायची सोय आहे. आमच्या घरी ती सोय आईला ओळखत नाही. आई मागून गेली की हवेत नुसता हात आणि हातातली वाटी दिसते. आजोबांच्या तसबिरीला मात्र ती सोय जिवंत माणूस समजते आणि मधूनच धूसरातून बाहेर काढून मीटिंगमध्ये घेते. आजोबा रेल्वेत होते. वक्तशीर.

७
डोळ्यांसाठी वीस-वीस-वीसचा नियम : दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहायचं. जेफ्री अँशेल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या नेत्रतज्ज्ञाने लोकांच्या लक्षात राहावा म्हणून तो असा बांधला. कॅलिफोर्नियात वीस फूट ही काही फार मोठी मागणी नसावी.

मुंबईत बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी, १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या. १६० चौरस फुटांत भिंतीपासून भिंतीपर्यंत वीस फूट निघत नाहीत. वन बीएचकेमध्येही बहुधा निघत नाहीत. मधे कपाट येतं, नाहीतर सासरे येतात. मग उरते खिडकी. खिडकीतून वीस फुटांवर काय असतं? समोरच्या इमारतीतलं बिऱ्हाड.

म्हणजे नेत्रतज्ज्ञाचं ऐकायचं तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद समोरच्यांच्या स्वयंपाकघरात टक लावून पाहावं लागतं. समोरच्या बाईंनी महिन्याभरात पडदा लावला. आता आमचे डोळे पडद्यावर विसावतात. निळा आहे, फुलांचा.

वरळीच्या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या. घर ५०० चौरस फुटांचं.

८
भाच्याच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. तो जागेवर आहे असा त्याचा अर्थ. पाच मिनिटं कळफलकाला किंवा माउसला बोट लागलं नाही की ठिपका पिवळा होतो.

फिजिओथेरपिस्टने त्याला सांगितलंय : दर अर्ध्या तासाने उठायचं, पाच-सात मिनिटं चालायचं, खांदे फिरवायचे.

त्याने दोघांचंही मानलं. उठतो, उजव्या हाताने माउस हलवत राहतो, डावा खांदा फिरवतो. दुखतो तो उजवा.

९
माउस मनगटी घड्याळावर ठेवायचा. सेकंदकाटा फिरतो, माउसखालच्या दिव्याला वाटतं काहीतरी हलतंय, ठिपका हिरवा राहतो. घड्याळ काट्यांचंच हवं. घरातलं एचएमटी बऱ्याच वर्षांनी कपाटातून बाहेर निघालं, चावी दिली गेली, आणि कामाला लागलं.

अमेरिकेत माउस असा हलवत ठेवणारं यंत्र विकत मिळतं. वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. कारण : कळफलकावर काम चालू असल्याचा देखावा.

देखावा पकडायला कंपनीने यंत्र लावलं, कर्मचाऱ्याने देखाव्यासाठी यंत्र लावलं. दोन्ही यंत्रांची पाठ ठणठणीत.

१०
सोलापुरात विडी कामगार बाईचा दिवस असा. कारखान्याच्या शाखेतून तेंदूपान, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची. मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. पान, चिमूटभर तंबाखू, वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड दाबायचं. पुन्हा पान. हजार विड्यांवर मजुरी. दुसऱ्या दिवशी शाखेत मोजून द्यायच्या. तिथे तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही. किती छाट निघावी हे तपासणाऱ्याच्या बोटांवर. यातल्या पुष्कळ जणी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली. आई वळत होती, मुलगी वळते.

मान खाली, पाठ वाकलेली, पाय दुमडलेले. तंबाखूची धूळ सुपातून उडते ती त्याच खोलीत राहते, जिथे स्वयंपाक होतो आणि तान्हं झोपतं. खोकला घरातला धरायचा की कारखान्यातला?

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी विड्या वळणारी बाई ‘कर्मचारी’ धरली होती. ही त्या काळात मोठी गोष्ट. पण त्याच कायद्यात ‘औद्योगिक जागा’ म्हणजे काय ते सांगताना खासगी राहतं घर स्पष्ट शब्दांत वगळलं होतं. बाई कामगार, पण ती बसलेली जागा कामाची जागा नाही. मग त्या जागेत उजेड किती, वारा किती, धूळ किती, हे पाहायला तपासनीस यायचं कारण उरत नाही. घराचा खासगीपणा असा शाबूत राहिला.

सोलापूरजवळ कुंभारीत माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरकुलं उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचं नाव वसाहतीला दिलं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. घरं लढून मिळवलेली, हप्ते बायकांनी भरलेले. विडी कंपन्यांना एका रात्रीत दहा हजार हवेशीर खोल्या मिळाल्या.

११
आई फोनवर, तिच्या बहिणीशी, भाच्याबद्दल : ‘‘नाही गं, कामावर नाही जात तो. घरीच असतो. लॅपटॉपवर काहीतरी करत असतो बिचारा.’’

१२
एप्रिल २०२० मध्ये राजस्थान उच्च न्यायालयात जामिनाच्या व्हिडिओ सुनावणीला वकील बनियनवर आले. सुनावणी पुढे ढकलली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात एक वकील टी-शर्ट घालून, अंथरुणावर आडवे होऊन हजर झाले. त्यांनी माफी मागितली.

कमरेखाली कोण काय घालून न्याय मागत होतं, हे नोंदीवर नाही.

१३
टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च २०२०. त्याच दिवशी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. डॉक्टरांना फोनवर, व्हिडिओवर तपासायची परवानगी स्पष्ट मिळाली. प्रवास वाचला, रांग वाचली.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर बुधवारी संध्याकाळी एक गाडी बंद काचांनी उभी असते. इंजिन चालू, एसी चालू, आत दिवा नाही. वॉचमनने आधी संशयाने पाहिलं, मग ओळखलं. चौथ्या मजल्यावरच्या मॅडम. समुपदेशकाशी बोलायला खाली येतात. वर तीन खोल्यांत पाच माणसं, त्यातल्या दोघांची मीटिंग, एकाची शाळा. ज्यांच्याबद्दल बोलायचं तीच माणसं दाराबाहेर. समुपदेशक पहिलं वाक्य विचारतात ते म्हणे असं : ‘‘आत्ता एकट्या आहात ना?’’

सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास. बोलायला जागा ज्याची त्याने शोधायची.

याच पार्किंगमध्ये नोकरीच्या मुलाखतीही होतात. त्या गाड्यांमध्ये शर्टाची कॉलर दिसते, त्यावरून फरक कळतो. हे वॉचमनचं निरीक्षण.

१४
कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्यात ‘कामाची जागा’ या व्याख्येत राहतं घर आहे. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी ते घातलं होतं. मग स्वतःच्याच घरात बसून व्हिडिओवर काम करणाऱ्या बायकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा तोच शब्द हाताशी होता.

विडीच्या कायद्याने घर वगळलं, या कायद्याने घेतलं. मधे ४७ वर्षं.

१५
केरळमधल्या कपड्यांच्या दुकानांत विक्रेत्या बायकांना दिवसभर बसायला मनाई होती. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच. पायाच्या शिरा फुगल्या, गरोदरपणात हाल झाले, लघवीला जायची चोरी म्हणून पाणी पिणं सोडलं. त्या लढल्या. २०१८ मध्ये केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला.

त्याच काळात मुंबई-पुण्यात उभं राहून काम करायच्या टेबलांच्या जाहिराती दिसू लागल्या. मोटरवर वर-खाली होतात. हप्त्यावर मिळतात.

१६
२४ ऑगस्ट २०१७. पुट्टस्वामी खटला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात आणीबाणीतला जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला. १९७६ च्या त्या निकालात बहुमताच्या बाजूला त्यांचे वडील यशवंतराव होते.

घरात वडिलांच्या मताविरुद्ध जाण्याची इतकी देखणी नोंद दुसरी नसेल.

हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध. मॅनेजरविरुद्ध काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात काही ‘रास्त उपयोगां’साठी संमती लागत नाही. त्यांत नोकरीसाठीचा उपयोग आहे आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठीचाही. रामाझ्झिनीच्या लेखनिकाच्या मनावरचा तो ताण आता कलमात आला आहे, फक्त उलट बाजूने.

१७
लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भाच्याला : ‘‘काय, रिलीज पुढे गेलं म्हणे?’’

त्यांच्या बेडरूमची आणि आमच्या हॉलची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते. भाच्याने कंपनीशी गोपनीयतेचा करार केला आहे. काकांनी केलेला नाही.

१८
२०१४ मध्ये न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी हिशेब मांडला. मान सरळ असेल तर मणक्यावर डोक्याचं वजन पाचेक किलो. साठ अंशांत खाली वाकली तर भार सत्तावीस किलोंच्या घरात. गादीवर बसून मांडीवर लॅपटॉप घेतला की साधारण तेवढीच वाकते. भरलेलं गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतं. ते मानेवर घेऊन कुणी ‘जस्ट अ क्विक कॉल’ म्हणणार नाही.

१९
केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण. घरच्यांसाठी केलेलं बिनपगारी घरकाम, ते करणाऱ्यांची दिवसाची सरासरी :
२०१९ – बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७.
२०२४ – बायका २८९ मिनिटं, पुरुष ८८.

मधल्या काळात पुष्कळ पुरुष घरी होते.

२०
शेजारच्या वहिनी बँकेच्या बॅक ऑफिसात. त्यांच्या मीटिंगा म्यूटवर चालतात, कारण कुकर. बोलायची वेळ आली की आधी गॅस बंद, मग माइक चालू. शिट्टी मधेच अडली की भात कच्चा राहतो, हे टीमला माहीत नसतं. त्यांच्या यजमानांनी बेडरूमचं दार लावून घेतलेलं असतं, कारण त्यांची मीटिंग महत्त्वाची असते. वहिनींनी ओट्यावरच लॅपटॉप ठेवला आहे. ओट्याची उंची उभ्याने काम करायला नेमकी बरोबर. मोटरचं टेबल त्यांना लागलं नाही.

२१
लिज्जत पापड. १५ मार्च १९५९, गिरगावातलं लोहाणा निवास, सात बायका, ऐंशी रुपये उसने. आजही पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका ते घरी नेतात, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी पापड परत.  कामाला येणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी हव्यात : स्वच्छ घर आणि पापड पसरायला जागा. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी केंद्रावर दुसरं काम घ्यावं. घर खरंच स्वच्छ आहे का, हे पाहायला संस्थेच्या बायका न सांगता घरी येतात.

इथे तपासणाऱ्याही भगिनी आणि तपासून घेणाऱ्याही मालक. सगळ्याच भागीदार आहेत. त्यामुळे पाहणी वेगळी लागत असेल. तरी येणारीने भांड्यांकडे पाहिलं की पोटात गोळा येतच असणार.

२२
पोर्तुगालने २०२१ च्या शेवटी कायदा केला. मालकाच्या माणसाला घरी यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं, आणि कामगार हो म्हणाला तरच. दिवसभर कॅमेरा किंवा माइक चालू ठेवायची सक्ती नाही. वाढलेलं विजेचं बिल मालकाने द्यायचं. सुट्टीच्या वेळात फोन नाही.

आपल्याकडे कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० साली.

२३
लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये बसचालक आणि वाहकांची तुलना छापली. डबलडेकरचे जिने दिवसभर चढ-उतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, बसून गाडी चालवणाऱ्यांना जास्त. बैठ्या कामावरच्या संशोधनाचा पाया इथे घातला गेला.

तीन वर्षांनी त्याच मंडळींनी गणवेशांची मापं पाहिली. चालकांच्या पँटी वाहकांपेक्षा कमरेला मोठ्या होत्या, अगदी तरुणपणापासूनच. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. जाड माणसं आधीच बसायच्या कामाकडे वळत होती.

डोंबिवलीच्या माणसाला ऑफिस होतं तेव्हा दिवसातून किती जिने होते? घरचा, स्टेशनच्या पुलाचा, उतरल्यावर पुन्हा पुलाचा, आणि लिफ्ट बंद असली तर ऑफिसचा. येताना तेच उलट. शिवाय लोंबकळणं. त्या व्यायामाबद्दल कुणी चांगलं बोललं नाही, आणि का बोलावं? ठाणे ते दिवा ज्याने रोज केलंय त्याला हृदयाचे फायदे सांगायला जाऊ नये.

घरी पँट नाही. इलॅस्टिक आहे. कंबर वाढली हे कळायला कुणाचं तरी लग्न यावं लागतं.

२४
फ्लोरिडातल्या एका कंपनीने नेदरलँड्समधल्या कर्मचाऱ्याला दिवसभर कॅमेरा आणि स्क्रीन उघडा ठेवायला सांगितला. तो म्हणाला, दिवसाचे नऊ तास कुणी माझ्याकडे पाहत राहावं हे मला जमणार नाही. स्क्रीन पाहा हवा तर. कंपनीने त्याला काढलं. २०२२ मध्ये डच न्यायालयाने कंपनीला सुमारे ७५ हजार युरो द्यायला लावले.

हे भाच्याला वाचून दाखवलं. त्याने पासपोर्टची मुदत तपासली.

२५
जेरेमी बेलेन्सन, स्टॅनफर्ड, २०२१. व्हिडिओ मीटिंगने माणूस का थकतो? सगळे चेहरे फार जवळून आणि सतत डोळ्यांत पाहतात. स्वतःचा चेहरा आरशासारखा समोर राहतो. चौकटीतून हलता येत नाही. मान डोलवायची तीही दिसेल अशी डोलवावी लागते.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेल्या मुलींनी यातलं प्रत्येक कारण सांगितलं असतं. आरसा सोडून.

२६
जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांची चित्रफीत फिरली. आठवड्याला नव्वद तास काम करावं, रविवारीही यावं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असं त्यांनी विचारलं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अंदाज : आठवड्याला पंचावन्न किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त.

शेजारच्या वहिनींनी चित्रफीत पाहिली. ‘‘ह्यांनी बघितलं असतं तर भात तरी पाहिला असता.’’

२७
आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्र. १७७, घरी बसून काम करणाऱ्यांसाठी. १९९६. भारताने स्वीकारलेला नाही.

२८
भाच्याच्या कंपनीकडून मेल. ‘पाठीचं आरोग्य’ या विषयावर वेबिनार. वेळ दुपारी एक ते दोन, म्हणजे जेवणाची सुट्टी. उपस्थिती अनिवार्य, कॅमेरा चालू ठेवणे अनिवार्य.

त्या आठवड्यात भाच्याची कंबर धरली होती. फिजिओथेरपिस्टने जमिनीवर चटई टाकून उताणं पडायला सांगितलं होतं, पायाखाली उशी. त्याने लॅपटॉप शेजारी फरशीवर उघडा ठेवला. कॅमेऱ्यात आमचा छताचा पंखा, तीनवर फिरणारा. हजेरी लागली. प्रशिक्षक बाई एकेकाची बैठक तपासत, नावं घेत पुढे जात होत्या. भाच्याच्या चौकटीशी आल्या, थोडं थांबल्या, आणि पंख्याला म्हणाल्या, ‘‘छान. आता मान हळूहळू उजवीकडे.’’